ओव्ही७६७० + बेसिस ३ : पूर्ण फ्रेम मेमरीत बसत नाही, सोबेलमध्ये पांढरे ठिपके. कुठे चुकतंय?

बेल्टवाला

नमस्कार मंडळी,

काम असं आहे : बाटलीची २८ मिमी व्यासाची पांढरी झाकणं काळ्या पट्ट्यावरून सेकंदाला साधारण अर्धा मीटर वेगाने जातात. वर कॅमेरा आहे. कड तुटलेलं किंवा चेपलेलं झाकण ओळखून ३०० मिमी पुढे हवेच्या झोताने बाजूला उडवायचं आहे.

सामान : बेसिस ३ बोर्ड (एफपीजीए, म्हणजे आतलं सर्किट आपण रचायची चिप; आर्टिक्स-७, ३५टी), बिनफिफोचं (स्वतःची साठवण नसलेलं) ओव्ही७६७० कॅमेरा मॉड्यूल, २० सेंमीच्या जंपर वायरी, कॅमेरा पीमॉड जेबी आणि जेसी या बोर्डाच्या जोडपट्ट्यांवर, समोर व्हीजीए मॉनिटर. कोड व्हेरिलॉगमध्ये (सर्किट लिहायची भाषा), टूल व्हिवाडोची फुकट आवृत्ती.

अडचणी चार :

१. ६४०×४८०, १२ बिट रंगाचा फ्रेम बफर (अख्खं चित्र ठेवायची जागा) ब्लॉक रॅममध्ये (चिपच्या आतल्या मेमरीत) मावत नाही. ३२०×२४० चालतं, पण मग २८ मिमीचं झाकण जेमतेम ५६ पिक्सेलचं दिसतं आणि कडेचा छोटा तुकडा उडालेला असेल तर कळत नाही.

२. सोबेल (कडा शोधणारा फिल्टर) लावल्यावर कडा दिसतात, पण सपाट काळ्या भागातही मीठ सांडल्यासारखे पांढरे ठिपके येतात. थ्रेशोल्ड (कड मानायची किमान पातळी) कितीही वर नेला तरी जात नाहीत.

३. चित्राच्या डाव्या काठाला एक उभी पांढरी रेघ कायम असते. शिवाय मधूनमधून काही ओळी उजवीकडे सरकतात. वायरींना हात लावला की हे वाढतं.

४. मुळात हा मार्ग बरोबर आहे का?

---

क्लॉककाका

क्र. १ आणि २ चं मी सांगतो. वायरींचं दुसरं कोणीतरी सांगेल, तो वेगळाच अध्याय आहे.

आधी हिशेब. ३५टी मध्ये ३६ किलोबिटचे ५० ब्लॉक, म्हणजे एकूण १८,४३,२०० बिट. तुमची फ्रेम ६४०×४८०×१२ = ३६,८६,४०० बिट. बरोबर दुप्पट. कागदावरच १०० ब्लॉक लागतात, मग टूलला दोष कशाला द्यायचा? गंमत म्हणजे पिक्सेलला ६ बिट धरले तर आकडा अगदी १८,४३,२०० येतो आणि माणूस खूश होतो. पण ते ३६ किलोबिट पूर्ण वापरायचे तर रुंदी ९, १८ किंवा ३६ च्या पटीत लागते. एरवी पॅरिटीचे बिट वाया जातात आणि हातात ३२ किलोबिटच उरतात.

खरी चूक हिशेबाच्याही आधीची आहे. तुम्ही फ्रेम साठवून मग फिल्टर लावताय. ही प्रोसेसरवाली सवय. एफपीजीएमध्ये उलट करा : पिक्सेल आत येत असतानाच फिल्टर लावायचा आणि उत्तर तेवढं साठवायचं. कडांचा नकाशा १ बिटचा असतो. ६४०×४८०×१ साठी ३२के×१ असे १० ब्लॉक पुरतात. सोबत मूळ चित्र हवं तर ४ बिट करड्या छटा ठेवा. बेसिस ३ चा व्हीजीए दर रंगाला ४ बिटच देतो, त्यामुळे मॉनिटरवर त्याहून बारीक करडं दिसणारच नाही. ८के×४ रुंदीने ३७.५ ब्लॉक, ३८ धरा. ३८ आणि १० मिळून ४८, फिल्टरच्या ओळींना अर्धा. पूर्ण रिझोल्यूशन बसलं.

दोन फटी मात्र बुजवा. एक, फ्रेम बफरचा पत्ता ओळ आणि स्तंभ शेजारी चिकटवून बनवू नका. ९ आणि १० बिट मिळून १९ बिटचा पत्ता होतो, मेमरी ५,२४,२८८ खोलीची बनते, आणि ४ बिटला ६४ ब्लॉक लागतात. ओळ × ६४० + स्तंभ हाच पत्ता हवा. ६४० म्हणजे ५१२ + १२८, दोन शिफ्ट आणि एक बेरीज. त्याहून सोपं म्हणजे एक सरळ काउंटर, दर वैध पिक्सेलला एक वाढवा, व्हीसिंकला (नव्या फ्रेमच्या खुणेला) शून्य करा. दोन, टूलने ३२के×१ रुंदी निवडली तर ४ बिटला ४० ब्लॉक जातात आणि बेरीज ५० च्या पुढे. मेमरी जनरेटरमध्ये किमान क्षेत्रफळाचा पर्याय निवडून अहवालात ब्लॉक मोजा. आयएलए (चिपच्या आतले सिग्नल बघायचं साधन) लावायचा असेल तर तात्पुरती करड्या छटांची मेमरी काढून टाका, कारण आयएलएसुद्धा ब्लॉक रॅमच खातो.

आता ओळींचा बफर. ३×३ खिडकीला मागच्या दोन ओळी लागतात. त्यासाठी दोन वेगळे रॅम नकोत, १के×१८ चा एकच १८ किलोबिट ब्लॉक घ्या. स्तंभ क्रमांक हाच पत्ता. दर पिक्सेलला तिथला १६ बिटचा शब्द वाचायचा : वरचे ८ बिट म्हणजे दोन ओळींपूर्वीचा पिक्सेल, खालचे ८ म्हणजे एका ओळीपूर्वीचा. मग नवा शब्द बनवायचा, जुना खालचा भाग वर, आताचा पिक्सेल खाली, आणि त्याच पत्त्यावर परत लिहायचा. वाचायला एक क्लॉक लागतो म्हणून लिहिण्याचा पत्ता एक पायरी उशिराचा ठेवा. दोन पोर्ट आहेतच, एकाने वाचा, दुसऱ्याने लिहा. हीच युक्ती ५×५ ला : चार ओळी, ३२ बिट, १के×३६, एक पूर्ण ब्लॉक.

रंगाच्या भानगडीत पडूच नका. कॅमेरा आरजीबी५६५ ऐवजी वाययूव्ही४२२ मोडवर ठेवा आणि दर दोन बाइटांतला फक्त वाय (उजेडाचा बाइट) घ्या. करडा पिक्सेल आयता मिळतो, गुणाकार नाहीत. चुकून दुसरा बाइट घेतलात तर सगळं चित्र मळकट करडं, जवळजवळ सपाट दिसेल. तसं झालं तर टीएसएलबी रजिस्टर (हेक्स ३ए) चा बिट ३ उलटा करा किंवा दुसरा बाइट उचला. बाइट मोजणारा टॉगल दर एचरेफच्या (ओळ चालू असल्याच्या सिग्नलच्या) सुरुवातीला शून्य व्हायलाच हवा. नाहीतर एका ओळीत एक बाइट चुकला की पुढच्या सगळ्या ओळी बिघडतात.

आता पांढरे ठिपके. न पाहता सांगतो, वजाबाकी अनसाइन्ड (ऋण चिन्ह न मानणारी) झाली आहे. आडवा ग्रेडियंट (डाव्या-उजव्या पिक्सेलांतला उजेडाचा फरक) −१०२० ते +१०२० असतो, त्याला चिन्हासकट ११ बिट लागतात. सपाट भागात सेन्सरच्या गोंगाटामुळे उत्तर −३ आलं आणि तुम्ही ते अनसाइन्ड वाचलं, तर ते २०४५ दिसतं. २५५ वर कापलं की शुभ्र पांढरा ठिपका. थ्रेशोल्ड वाढवून काय होणार, ते तर सगळ्यात मोठं मूल्य आहे. व्हेरिलॉगचा नियम लक्षात ठेवा : राशीतला एक जरी घटक अनसाइन्ड असला तरी अख्खी राशी अनसाइन्ड. म्हणून ८ बिटच्या पिक्सेलला आधी डोक्यावर एक शून्य जोडून ९ बिट करा, मग साइन्ड म्हणून घोषित करा, मग वजा करा. निरपेक्ष मूल्य काढून दोन्ही दिशांची बेरीज, तीही ११ बिट. वर्गमूळाच्या नादी लागू नका, या कामाला बेरीज पुरते. दोनाने गुणणं म्हणजे शिफ्ट, त्यामुळे एकही डीएसपी ब्लॉक (चिपमधला गुणाकाराचा तयार भाग) लागत नाही.

---

अडीचनॅनो

क्र. ३ मध्ये दोन निरनिराळे रोग आहेत, एकत्र करू नका.

डावीकडची उभी रेघ हा वायरींचा दोष नाही. नवी ओळ सुरू होते तेव्हा खिडकीच्या मधल्या आणि डाव्या रकान्यात मागच्या ओळीचे शेवटचे दोन पिक्सेल अजून बसलेले असतात. उजव्या काठाचा उजेड आणि डाव्या काठाचा अंधार यांच्यात सोबेलला मोठी कड दिसते, आणि त्याच्या बाजूने ते बरोबरच आहे. स्तंभ २ पेक्षा कमी किंवा ओळ २ पेक्षा कमी असताना उत्तर शून्य करा. काठाचे पिक्सेल पुन्हा वापरायची शोभा इथे नको, झाकण काठाला असताना निर्णय घ्यायचाच नाही.

ओळी सरकणं मात्र वायरींचं. २० सेंमीच्या जंपरवर पीक्लॉकची (कॅमेऱ्याच्या पिक्सेल क्लॉकची) कड कंप पावते आणि एफपीजीए एकाच कडेला दोनदा मोजतो. एक जादा बाइट, आणि तिथून पुढची ओळ सरकली. हात लावला की वाढतं, हीच खूण. उपाय या क्रमाने करा :

वायर १० सेंमीच्या आत आणा. पीक्लॉकच्या वायरीला जमिनीची स्वतंत्र वायर पीळ देऊन सोबत न्या. कॅमेऱ्याच्या टोकाला पीक्लॉकमध्ये ३३ ते १०० ओमचा रेझिस्टर ओळीत घाला. कॅमेऱ्याचा पिन किती जोराने ढकलतो ते कॉम२ रजिस्टरच्या (हेक्स ०९) खालच्या दोन बिटांत असतं, ते ०० म्हणजे एकपट करा. इतक्या छोट्या वायरीला चारपट जोर म्हणजे डास मारायला कुऱ्हाड.

आंधळेपणाने फरक शोधत बसू नका, मोजा. बोर्डावर चार आकडी सेव्हन सेगमेंट आहे, त्याचा वापर करा. एका एचरेफमध्ये किती बाइट आले ते मोजून हेक्समध्ये दाखवा : १२८० म्हणजे ०५००. दुसऱ्या स्विचवर एका व्हीसिंकमधले एचरेफ : ४८० म्हणजे ०१ई०. कमाल आणि किमान दोन्ही धरून ठेवा, सरासरी नको. कमाल ०५०१ दाखवत असेल तर चित्र कितीही गोजिरं दिसो, वायरिंग खराब आहे.

क्लॉकबद्दल. पीक्लॉक क्लॉकसाठी राखलेल्या (एमआरसीसी किंवा एसआरसीसी) पिनवर घ्या. नाहीतर व्हिवाडो प्लेस ३०-५७४ ही चूक दाखवून थांबतं. ती चूक दाबायची एक ओळ इंटरनेटवर सगळीकडे फिरते. २४ मेगाहर्ट्झला त्याने चालूनही जातं, पण पिन बदलायला पाच मिनिटं लागतात. आणि कंस्ट्रेंट फाइलमध्ये पीक्लॉकला ४१.६६७ नॅनोसेकंदांचा क्लॉक म्हणून जाहीर करा. ते केलं नाही तर त्या भागाचं टायमिंग टूल तपासतच नाही, आणि अहवाल हिरवागार दिसतो.

कॅमेऱ्याला २४, मॉनिटरला २५ मेगाहर्ट्झ हवेत. एमएमसीएममध्ये (चिपमधल्या क्लॉक बनवणाऱ्या भागात) १०० ला ६ ने गुणून ६०० करा. २५ ने भागा, २४ मिळाले, २४ ने भागा, २५ मिळाले. एक्सक्लॉक (कॅमेऱ्याला द्यायचा क्लॉक) बाहेर काढताना ओडीडीआरमधून (पिनजवळच्या आउटपुट रजिस्टरातून) काढा.

पीक्लॉक आणि २५ मेगाहर्ट्झ हे परस्परांशी असंबद्ध क्लॉक आहेत. तरी तुमच्या रचनेत असिंक्रोनस फिफोची (दोन क्लॉकांमधल्या रांगेची) गरज नाही : फ्रेम बफरचा लिहिण्याचा पोर्ट पीक्लॉकवर आणि वाचण्याचा २५ वर ठेवला की ब्लॉक रॅमच सीमा ओलांडून देतो. टूलला मात्र हे दोन क्लॉक असिंक्रोनस गटात आहेत असं सांगा. कॅमेरा ३० फ्रेमचा आणि मॉनिटर ६० चा, त्यामुळे हलतं चित्र मध्येच फाटलेलं दिसेल. ते मॉनिटरपुरतं आहे, निर्णय घेणारा भाग पीक्लॉकवरच चालतो, त्याकडे दुर्लक्ष करा.

एससीसीबीत (कॅमेऱ्याची रजिस्टरं लिहायच्या दोन वायरींच्या जोडणीत) अडकला असाल तर : एसआयओसी आणि एसआयओडीला ४.७ किलोओमचे पुलअप, लिहिण्याचा पत्ता हेक्स ४२. नववा बिट एसीके (पोच) समजून अडून बसू नका, एससीसीबीत तो ‘काहीही चालेल’ असा आहे. रजिस्टर वाचताना आयटूसीसारखा पुन्हा स्टार्ट देऊ नका, मध्ये स्टॉप देऊन नवा व्यवहार सुरू करा. कॉम७ (हेक्स १२) ला ८० लिहून रीसेट केल्यावर लगेच पुढचं रजिस्टर लिहू नका, १० मिलिसेकंद थांबा.

---

रास्पबेरीवाला

क्र. ४ ला कोणी हात लावला नाही. ६४०×४८० ला ३० फ्रेम म्हणजे सेकंदाला ९२ लाख पिक्सेल. साधा रास्पबेरी पाय (छोटा संगणक) आणि ओपनसीव्ही (चित्रप्रक्रियेची लायब्ररी) हे काम चहा पीत करतो. त्यासाठी व्हेरिलॉग आणि वायरींचे पीळ हा द्राविडी प्राणायाम कशाला? विलंबाचं म्हणाल तर झोताची नळी ३०० मिमी पुढे आहे, म्हणजे ६०० मिलिसेकंद हातात आहेत.

---

क्लॉककाका

निम्मं बरोबर. गणनशक्तीसाठी इथे एफपीजीए लागत नाही, हे मी आधीच लिहायला हवं होतं.

पण विलंब आणि विलंबातला चढउतार या दोन गोष्टी आहेत. ६०० मिलिसेकंद हातात असले तरी त्यातले नेमके किती संपले हे माहीत हवं. अर्ध्या मीटरच्या वेगात झाकण नळीसमोर ५६ मिलिसेकंद असतं. लिनक्समध्ये फ्रेम हातात कधी पडली ती वेळ धरली आणि तिच्यात १० मिलिसेकंदांची हालचाल असली, तर झोत ५ मिमी मागेपुढे. मध्यावर न बसता कडेवर बसला की झाकण उडत नाही, गिरकी घेतं. रास्पबेरी पाय वापरायचाच तर फ्रेमचा क्षण कॅमेऱ्याच्या सिंकवरून एखाद्या मायक्रोकंट्रोलरने टिपावा आणि झोतही त्यानेच सोडावा. तेही उत्तम चालेल. एफपीजीएत हे सगळं एका जागी होतं : सोबेलचं उत्तर एक ओळ आणि काही क्लॉक उशिरा येतं. ओव्ही७६७० च्या एका ओळीला ७८४ × २ पीक्लॉक लागतात, म्हणजे ६५.३ मायक्रोसेकंद. दरवेळी तेवढेच.

आणि बेल्टवाले, आणखी एक. पांढरं झाकण काळ्या पट्ट्यावर आहे. मग सोबेल हवाच कशाला? थ्रेशोल्ड लावा आणि पांढरे पिक्सेल मोजा. दृश्याची रुंदी १६० मिमी ठेवली तर पिक्सेल ०.२५ मिमीचा, झाकण ११२ पिक्सेलचं, क्षेत्रफळ सुमारे ९,८५० पिक्सेल. कडेचा ३×३ मिमी तुकडा उडाला की १४४ पिक्सेल कमी, म्हणजे दीड टक्का. १४ बिटचा एक काउंटर! सोबत एक्स आणि वायचं किमान-कमाल ठेवा, लांबी-रुंदीतल्या फरकावरून चेपलेलं झाकण कळेल. सोबेल झाकणावरची भेग किंवा छपाई बघायची असेल तेव्हा. झाकणं दोन-तीन रांगांत येत असतील तर स्तंभांचे पट्टे पाडून दर पट्ट्याला वेगळा काउंटर.

---

शटरताई

काका, दीड टक्क्याचा हिशेब स्थिर झाकणाला लागू आहे. पट्टा चालू झाला की ओव्ही७६७० तुम्हाला तो दीड टक्का देणार नाही. आतापर्यंत कोणी शटरचं नावच काढलं नाही म्हणून लिहिते.

हा सेन्सर रोलिंग शटरचा आहे, म्हणजे ओळी एकामागून एक टिपतो. पहिली ओळ आणि शेवटची ओळ यांच्यात ४८० × ६५.३ मायक्रोसेकंद, म्हणजे ३१ मिलिसेकंद जातात. झाकणाच्या ११२ ओळींना ७.३ मिलिसेकंद. तेवढ्यात झाकण ३.७ मिमी पुढे सरकतं.

पट्टा चित्राच्या आडव्या दिशेने जात असेल तर गोल झाकण तिरकं होतं आणि लांबी-रुंदीची तुलना निकामी. म्हणून कॅमेरा असा फिरवा की पट्टा चित्रात वरून खाली जाईल. मग झाकण तिरकं न होता फक्त ताणलं जातं. ओळी वाचण्याचा वेग पट्ट्यावर ०.२५ मिमी भागिले ६५.३ मायक्रोसेकंद, म्हणजे सेकंदाला ३.८३ मीटर. झाकण त्याच दिशेने अर्ध्या मीटरने जात असेल तर २८ मिमी उंची ३२ मिमी दिसते. कॅमेरा उलटा बसवला तर २५ मिमीच्या आत दिसते. ताण कायम तोच असेल तर हरकत नाही, प्रमाण ठरवून टाका. पण पट्ट्याचा वेग १० टक्के वाढला तर ताण १.१५० चा १.१६८ होतो. क्षेत्रफळात फरक दीड टक्का. नेमका तोच आकडा, जो तुम्ही तुटलेल्या कडेसाठी शोधताय! चांगलं झाकण आणि तुटकं झाकण यांतला फरक मोटरच्या भाराने पुसला जातो.

त्याहून मोठा घोळ एक्स्पोजरचा. आपल्याकडे ५० हर्ट्झची वीज, दिवे सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतात, चित्रात आडवे पट्टे दिसतात. त्यावर सगळे सांगतात की बँडिंग फिल्टर चालू करा. तो चालू केला की एक्स्पोजर १० मिलिसेकंदांच्या पटीत जातं. १० मिलिसेकंदांत झाकण ५ मिमी सरकतं, म्हणजे २० पिक्सेलांची पुसट कड. त्या पुसट कडेवर थ्रेशोल्ड लावून १४४ पिक्सेल शोधणं शक्य नाही.

तेव्हा उलटं करा. बँडिंग फिल्टर बंद, आपोआप एक्स्पोजर, गेन आणि व्हाइट बॅलन्स तिन्ही बंद. कॉम८ (हेक्स १३) मध्ये बिट ५, २, १ आणि ० शून्य. एक्स्पोजर ओळींच्या संख्येत द्यायचं असतं. ८ ओळी म्हणजे ०.५२ मिलिसेकंद, एका पिक्सेलइतकी पुसटी. एक्स्पोजरचा मधला भाग हेक्स १० या रजिस्टरात असतो आणि तिथला एक आकडा म्हणजे ४ ओळी, म्हणून तिथे ०२ लिहा. हेक्स ०७ चे खालचे सहा आणि हेक्स ०४ चे खालचे दोन बिट शून्य.

आता उजेड वीसपट कमी झाला, चित्र काळंकुट्ट दिसेल. ते गेन वाढवून उजळवू नका, गोंगाटही तेवढाच वाढतो. दिवे वाढवा : पट्ट्याच्या दोन्ही बाजूंनी पांढऱ्या एलईडी पट्ट्या, झाकणापासून १० ते १५ सेंमीवर, डीसी पुरवठ्यावर. स्वस्त ड्रायव्हरचा डीसीसुद्धा १०० हर्ट्झने हेलकावतो. कागदाचा पांढरा तुकडा स्थिर ठेवून चित्रात आडवे पट्टे येतात का बघा, आले तर पुरवठा बदला. डिमर लावू नका, तो दिवे उघडझाप करूनच मंद करतो.

हे सगळं करून सराव होईल, कामही बऱ्यापैकी होईल. पण यंत्र रोज चालवायचं असेल तर ग्लोबल शटरचा (सगळ्या ओळी एकदम टिपणारा) सेन्सर घ्या. एमटी९व्ही०३४ हा ७५२×४८० चा, ६० फ्रेमचा, १० बिट समांतर आउटपुटचा आहे, पिक्सेल क्लॉक २७ मेगाहर्ट्झच्या आसपास. तुमची ओळ-बफरची रचना जवळजवळ तशीच चालेल : ७५२ स्तंभही १के च्या आतच बसतात, फक्त बाइटचा टॉगल काढायचा. त्याचा बिनरंगी प्रकार घ्या, रंग तुम्हाला नकोच आहे.

---

बेल्टवाला

क्लॉककाका, अडीचनॅनो, शटरताई, सगळ्यांचे आभार. रास्पबेरीवाले, तुमचंही पटलं, पण आता निम्मा रस्ता झाला आहे.

सद्यस्थिती : ठिपके गेले, वजाबाकीच होती. डावी रेघ गेली. सेव्हन सेगमेंटवर आधी कमाल ०५०३ येत होतं. वायर ८ सेंमी आणि ४७ ओमचा रेझिस्टर घातल्यावर कमाल-किमान दोन्ही ०५००. एचरेफ ०१ई०. एक्स्पोजर ८ ओळींवर आहे, एलईडीचा पुरवठा बदलावा लागला.

नवीन अडचण : गोंगाटासाठी सोबेलच्या आधी ३×३ गॉस (चित्र किंचित पुसट करणारा फिल्टर) घातला (१-२-१, २-४-२, १-२-१, शेवटी १६ ने भाग). मॉनिटरवर करड्या चित्रावर कडा लाल रंगात टाकतो, तर त्या झाकणाच्या खाली आणि उजवीकडे सरकलेल्या दिसतात. करड्या चित्रालाही तितकाच उशीर करायचा तर पुन्हा दोन ओळींचा बफर लागेल का?

आणि पट्ट्यावर एन्कोडर (रुळाच्या फिरण्याचे पल्स देणारा) आहे, २४ व्होल्टचा, फेरीला १००० पल्स. तो थेट पीमॉडला जोडू का?

---

अडीचनॅनो

आधी एन्कोडर : थेट अजिबात नको. बेसिस ३ चे पिन ३.३ व्होल्टचे आहेत, ५ सुद्धा सोसत नाहीत. ऑप्टोकपलरमधून (सिग्नल उजेडाने पलीकडे नेणाऱ्या भागातून) आणा. पीसी८१७ इथे सुस्त पडतो, विशेषतः आउटपुटला मोठा रेझिस्टर असेल तर कड लोळते. ६एन१३७ घ्या, त्याचं आउटपुट ओपन कलेक्टर असतं, पुलअप ३.३ ला द्या आणि त्याचा स्वतःचा पुरवठा ५ व्होल्टचा. २४ च्या बाजूला एलईडीत १० मिलिअँपिअर जाईल असा रेझिस्टर : २.२ किलोओम, अर्धा वॅट. आत आल्यावर दोन फ्लिपफ्लॉप, मग सलग ८ क्लॉक सारखा असेल तरच पल्स धरा.

पट्ट्याचा रूळ १०० मिमी व्यासाचा धरला तर फेरीला ३१४ मिमी, म्हणजे पल्सला ०.३१४ मिमी. ३०० मिमी अंतर म्हणजे ९५५ पल्स. मिलिसेकंद मोजू नका, पल्स मोजा, पट्टा भाराने मंदावला तरी झोत चुकणार नाही. नळी आणि कॅमेरा यांच्यामध्ये एका वेळी अनेक झाकणं असतील, म्हणून एकच टायमर पुरणार नाही. ९५५ पायऱ्यांचा १ बिटचा शिफ्ट रजिस्टर करा, दर पल्सला एक पायरी, तुटकं झाकण दिसलं की सुरुवातीला १ टाका, टोकाला १ बाहेर पडला की झोत. एसआरएलमध्ये (एलयूटी, म्हणजे चिपमधला छोटा तर्क-तक्ता, शिफ्ट रजिस्टर म्हणून वापरून) ३० एलयूटी जातात. व्हॉल्व्ह मॉस्फेटने चालवा, कॉइलला उलटा डायोड लावा. तो विसरलात तर दर झोताला कॅमेऱ्याची एखादी ओळ सरकेल आणि तुम्ही पुन्हा जंपर वायरींना दोष द्याल.

आता सरकलेल्या कडा. जादा बफर लागत नाही. चित्र पत्त्यावर साठवताय, तर उशीर पत्त्यातच भरून काढा. दर ३×३ फिल्टरला मधला पिक्सेल ६४० + १ = ६४१ वैध पिक्सेल मागे असतो. दोन फिल्टर म्हणजे १२८२. त्यात मधले रजिस्टर मिळवा, समजा गॉसला २ आणि सोबेलला ३, एकूण १२८७. कडांच्या मेमरीला लिहिताना पत्ता करड्या चित्राच्या पत्त्यापेक्षा १२८७ ने कमी द्या आणि तो ऋण असताना लिहू नका. अट एकच : पाइपलाइनचे सगळे रजिस्टर वैध पिक्सेल आला तरच पुढे सरकले पाहिजेत, प्रत्येक पीक्लॉकला नाही. नाहीतर ओळीमधल्या मोकळ्या वेळात ते ५ पिक्सेल वाहून जातात आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी कड कापलेली दिसते.

तळाच्या दोन ओळी आणि आणखी ७ पिक्सेल रिकामे राहतील, कारण त्यांच्या कडा बाहेर पडायच्या आत फ्रेम संपलेली असते. तिथे झाकण आलं तर निर्णय पुढच्या फ्रेमवर सोडा. ३३ मिलिसेकंदांत ते ६६ पिक्सेल सरकलेलं असेल, म्हणून तेच झाकण दोनदा मोजलं जाणार नाही हे बघा : वरच्या टोकापासून ठरावीक ओळीवर एक रेषा धरा आणि झाकणाचा मध्य ती रेषा ओलांडेल त्याच फ्रेममध्ये शिफ्ट रजिस्टरात १ टाका. झोत किती पल्स आधी सोडायचा ते मध्य त्या रेषेपासून किती ओळी पुढे आहे त्यावरून काढा, चार ओळींना सुमारे तीन पल्स.